चालत्या प्रोग्राममधला बदल मागे घेताना

रुबी भाषेत पाच हा साधा आकडाही ऑब्जेक्ट असतो आणि त्याचा क्लास असतो इंटिजर. हा क्लास भाषेसोबतच येतो, तरी त्याला कुलूप नाही. कुणीही आपल्या फाइलीत ‘क्लास इंटिजर’ लिहावे आणि खाली एक नवी मेथड जोडावी. त्या ओळी चालल्या की प्रोग्राममधल्या यच्चयावत पूर्णांकांना ती मेथड लागू होते. आधीपासून असलेली मेथडही तशीच बदलता येते. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९३ साली जपानमध्ये या भाषेवर काम सुरू केले आणि डिसेंबर १९९५मध्ये ती जगासमोर ठेवली, तेव्हापासून हा मोकळेपणा तिच्या स्वभावाचाच भाग आहे.

समजा, मराठी वाचकांसाठी एखादे संकेतस्थळ रुबीत लिहिले जात आहे आणि पानावरचे सगळे आकडे देवनागरीत दिसायला हवे आहेत. आकड्याचा मजकूर करणारी मेथड म्हणजे ‘टू-एस’. इंटिजर उघडून तीच बदलली की काम पाच मिनिटांत होते. पाने सुरेख दिसू लागतात. पण वेबपत्त्यातला क्रमांक, डेटाबेसला जाणारी आज्ञा, तात्पुरत्या फाइलीचे नाव अशा कितीतरी ठिकाणी हीच मेथड वापरली जाते. तिथेही आता देवनागरी अंक जाऊ लागतात. परतीची वाटही बंद असते, कारण मजकुरातून आकडा काढणारी रुबीची ‘टू-आय’ मेथड देवनागरी अंक ओळखत नाही. तिला ‘५’ दिला तर उत्तर शून्य येते. पायथनचे ‘इंट’ मात्र तोच ‘५’ बरोबर वाचते.

हा बदल आता काढून टाकायचा आहे. फाइलीतल्या ओळी पुसल्या आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला, तर प्रश्न मिटतो. प्रोग्राम चालू ठेवूनच इंटिजर पूर्ववत करायचा असेल, तर मात्र रुबीत त्यासाठी एकही आज्ञा नाही. बदल करण्याची सोय भाषेने हात सैल सोडून दिली. मागे घेण्याची सोय प्रोग्रामरने स्वतः उभी करायची आहे. ती उभी करायला काय काय लागते, हे नीट पाहण्यासारखे आहे.

चालू प्रोग्राममधले क्लास असे बदलण्याला मंकी पॅचिंग म्हणतात. त्याची बदनामी बरीच झाली आहे, पण त्याच्यामुळे मोठी कामेही झाली. डेव्हिड हायनमायर हॅन्सन यांनी २००४मध्ये रेल्स ही रुबीतली वेब-चौकट प्रकाशित केली. त्यातल्या ॲक्टिव्ह सपोर्ट या भागाने पूर्णांकांनाच दिवस, तास, मिनिटे या मेथड दिल्या. ‘पाच दिवसांपूर्वी’ हे जवळपास बोलल्यासारखे कोडमध्ये लिहिता येऊ लागले आणि हजारो प्रोग्रामर रुबीकडे वळले. बाहेर आधी आलेल्या अशा काही मेथड पुढे रुबीने आपल्याशा करून घेतल्या.

मागे घेण्याची खरी गरज रोज पडते ती टेस्टमध्ये. कर्जाचा हप्ता चुकल्यावर दंड बरोबर लागतो का, हे तपासायला महिनाभर थांबता येत नाही. म्हणून टेस्टपुरते घड्याळ थांबवतात, म्हणजे ‘आत्ता किती वाजले’ सांगणारी मेथड बदलून तिला ठरावीक तारीख द्यायला लावतात. टेस्ट संपली की घड्याळ पूर्ववत झाले पाहिजे. नाही झाले, तर पुढची टेस्ट चुकीच्या तारखेवर चालते आणि दोष भलत्याच कोडचा दिसतो. चालू सर्व्हरवर एखाद्या मेथडला किती वेळ लागतो हे मोजणारी साधनेही असेच बदल करतात. मोजणी संपली की तीही गेली पाहिजेत.

रुबी मेथड शोधते ती खालून वर. आधी ऑब्जेक्टचा स्वतःचा क्लास, मग त्याचा पालक क्लास, मग त्याचाही पालक. पहिली सापडेल ती चालते. म्हणून ‘मेथड काढून टाक’ याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात आणि रुबीत त्यासाठी दोन वेगळ्या आज्ञा आहेत. ‘रिमूव्ह मेथड’ फक्त त्या क्लासमधली नोंद काढते. शोध पुढे वर चालू राहतो आणि पालकाकडे त्याच नावाची मेथड असेल तर ती मिळते. ‘अनडेफ मेथड’ तिथेच भिंत घालते. वर कुठेही मेथड असली तरी शोध थांबतो आणि ‘अशी मेथड नाही’ असा एरर येतो. बदल मागे घेताना या दोन आज्ञांची अदलाबदल झाली, तर वारशाने मिळालेली मेथडही कायमची दिसेनाशी होते.

देवनागरी अंकांच्या उदाहरणात यातली कोणतीच आज्ञा उपयोगी पडत नाही. इंटिजरची ‘टू-एस’ वारशाने आलेली नव्हती, ती त्याची स्वतःची होती. क्लास उघडून त्याच नावाने नवी लिहिली, तेव्हा जुन्या नोंदीच्या जागी नवी बसली. आता नवी काढली की शोध वर जातो आणि सर्व ऑब्जेक्टसाठी असलेली सामान्य ‘टू-एस’ सापडते. पाच या आकड्याऐवजी पडद्यावर क्लासचे नाव आणि एक लांबलचक सांकेतिक क्रमांक दिसू लागतो. मूळ मेथड रुबीने कुठेही राखून ठेवलेली नसते. इशारे चालू ठेवून प्रोग्राम चालवला, तर बहुतेक मेथडच्या बाबतीत ती तसे स्पष्ट सांगतेही: मेथड नव्याने लिहिली गेली, जुनी टाकून देत आहे.

या एका उदाहरणात सुटकेची वाट आहे, पण ती योगायोगाची. इंटिजरमध्ये ‘इन्स्पेक्ट’ हे ‘टू-एस’चेच दुसरे नाव असते. एका मेथडला दोन नावे दिली की दोन स्वतंत्र नोंदी होतात, त्यामुळे एक बदलली तरी दुसरी मूळचीच राहते. तेव्हा ‘इन्स्पेक्ट’वरून ‘टू-एस’ पुन्हा उभी करता येते. बाकीच्या बहुतेक मेथडना असे जुळे भावंड नसते.

म्हणून पहिली अट ही, की बदल करण्याआधी मूळ मेथड राखून ठेवायची. रुबीत ‘इन्स्टन्स मेथड’ ही आज्ञा मूळ मेथडच एक ऑब्जेक्ट म्हणून हातात देते. ती व्हेरिएबलमध्ये ठेवली की नंतर ‘डिफाइन मेथड’ने जागेवर बसवता येते. दुसरी अट अनेकांच्या ध्यानात येत नाही. मूळ मेथड त्या क्लासची स्वतःची होती की वारशाने आलेली, हेही टिपून ठेवावे लागते. वारशाने आलेली असेल, तर मागे घेताना ती परत बसवायची नाही, फक्त आपली नोंद काढायची. नाहीतर पालकाच्या मेथडची एक प्रत मुलात कायमची उरते. पुढे कुणी पालकात सुधारणा केली, तरी मुलाला तिचा पत्ता लागत नाही.

पायथनच्या ‘युनिटटेस्ट डॉट मॉक’मध्ये ही काळजी फार चांगली घेतलेली आहे. २०१२मध्ये आलेल्या पायथन ३.३पासून ते भाषेसोबतच मिळते. त्यातले ‘पॅच’ आधी क्लासच्या स्वतःच्या कोशात ती वस्तू आहे का ते पाहते आणि उत्तर लक्षात ठेवते. स्वतःची असेल तर शेवटी मूळ वस्तू जागेवर ठेवते, वारशाची असेल तर आपली नोंद पुसते. मूळ वस्तूही ते शक्यतो थेट कोशातून उचलते. कारण पायथनमध्ये स्टॅटिक मेथड क्लासकडे नेहमीच्या पद्धतीने मागितली, तर तिच्यावरचे वेष्टन निघून नुसते फंक्शन हाती येते. तेच परत ठेवले तर वरवर सगळे पूर्ववत दिसते, पण ऑब्जेक्टवरून हाक मारली की तो ऑब्जेक्ट स्वतःच पहिला आर्ग्युमेंट म्हणून आत शिरतो.

रुबीत जुनी मेथड राखण्याची लोकप्रिय पद्धत वर्षानुवर्षे ‘अलायस मेथड’ची होती. जुन्या मेथडला दुसरे नाव द्यायचे, मूळ नावाने नवी लिहायची आणि नवीच्या पोटात जुनीला हाक मारायची. रेल्सने यासाठी ‘अलायस मेथड चेन’ नावाची खास सोयही दिली होती. पण हातांनी लिहिलेली अशी फाइल चुकून दोनदा लोड झाली, की दुसऱ्या वेळी ‘जुनी’ म्हणून राखली जाते ती खरे तर नवीच. मग नवी मेथड स्वतःलाच हाक मारत राहते आणि स्टॅक संपल्याच्या एररने प्रोग्राम कोसळतो. दोन लायब्रऱ्यांनी एकाच मेथडला तेच टोपणनाव दिले तरीही नेमके हेच होते.

२०१३च्या फेब्रुवारीत आलेल्या रुबी २.०ने ‘प्रीपेंड’ दिले. इथे मूळ मेथडला हातच लावायचा नाही. एक स्वतंत्र मॉड्यूल लिहायचे आणि क्लासच्या पुढे उभे करायचे. शोध आधी मॉड्यूलमध्ये होतो, तिथून ‘सुपर’ म्हटले की क्लासमधली मूळ मेथड चालते. मूळ मेथड जागेवरच असल्याने राखून ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. २०१६च्या रेल्स ५.०मध्ये ‘अलायस मेथड चेन’ जुनाट ठरवून ‘प्रीपेंड’ वापरायला सांगण्यात आले. बदलाच्या काळात मात्र त्रास झाला. एका लायब्ररीने ‘प्रीपेंड’ केले आणि नंतर दुसरीने त्याच मेथडवर अलायस लावले, तर दुसरीच्या हाती लागणारी ‘जुनी’ मेथड पहिलीच्या मॉड्यूलमधली असते आणि दोघी एकमेकींना हाका मारत गोल फिरतात. नेटवर्कवरच्या विनंत्या मोजणारी साधने एकत्र वापरणाऱ्यांना हा अनुभव चांगलाच आला.

पुढे उभे केलेले मॉड्यूल रुबीत पुन्हा काढून घेता येत नाही, तशी आज्ञा भाषेत नाही. तरी वाट आहे आणि ती सोपी आहे. मॉड्यूल तिथेच राहू द्यायचे, त्याच्या आतली मेथड ‘रिमूव्ह मेथड’ने काढायची. शोध रिकाम्या मॉड्यूलमधून पुढे जातो आणि मूळ मेथड मिळते. रुबीत बदल मागे घ्यायचा असेल, तर हातात असलेल्या साधनांत हे सर्वांत भरवशाचे आहे.

भरवशाचे म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे, ते क्रमाचे. राखून ठेवा आणि परत बसवा ही पद्धत बदल करणारा एकटा असेल तोवरच सरळ चालते. एका लायब्ररीने घड्याळ थांबवले. तिने मूळ मेथड राखली आणि आपली बसवली. मग वेळ मोजणारे दुसरे साधन आले. त्याला जागेवर थांबलेले घड्याळ दिसले, तेच त्याने ‘मूळ’ म्हणून राखले आणि आपली मेथड वर चढवली. आता पहिली लायब्ररी आधी निघते. ती खरे घड्याळ परत ठेवते आणि त्या भरात दुसऱ्याचा बदल नकळत पुसला जातो. मग दुसरे साधन निघते, आणि आपल्याजवळचे ‘मूळ’ म्हणजे थांबलेले घड्याळ जागेवर ठेवून जाते. दोघांनीही आपापले काम चोख केले. तरी शेवटी घड्याळ थांबलेलेच, आणि ते कुणी थांबवले याचा माग कुठेही नाही. ‘प्रीपेंड’मध्ये प्रत्येकाचे मॉड्यूल वेगळे असल्याने कोणीही कधीही निघाले, तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही.

जावास्क्रिप्टच्या जगात या क्रमावर दोन चांगले तोडगे निघाले. जेक्वेरी या लायब्ररीचे ‘नोकॉन्फ्लिक्ट’ डॉलर हे नाव आधीच्या मालकाला परत करते, पण परत करण्यापूर्वी त्या जागी अजून आपणच आहोत का, हे तपासते. मध्ये कुणी दुसरा येऊन बसला असेल, तर त्याला हलवत नाही. सिनॉन ही टेस्टची लायब्ररी त्याहून कडक आहे. एकदा गुंडाळलेली मेथड पुन्हा गुंडाळायला गेले, तर ती सरळ नकार देते आणि एरर दाखवते. टेस्टसाठी हा कडकपणाच योग्य म्हणावा लागेल. गडबड घडते त्या क्षणी प्रोग्राम अडला, तर कारण शोधायला दिवस घालवावे लागत नाहीत.

क्लास तंतोतंत पूर्ववत झाला, तरी बदल संपला असे म्हणता येत नाही. मधल्या काळात तो कुणी कुणी पाहिला, हे उरतेच. पायथनमध्ये एका फाइलीने दुसरीतून एखादे फंक्शन नावाने आयात केले असेल, तर तिच्याकडे त्याचा स्वतंत्र दुवा असतो. मूळ फाइलीत बदल केला तर तो तिला दिसत नाही, आणि बदल चालू असताना आयात केले असेल, तर मागे घेतल्यावरही तिच्याकडे बदललेलेच राहते. म्हणून पायथनचे जाणते लोक फंक्शन जिथे लिहिले आहे तिथे पॅच करत नाहीत, ते जिथून वापरले जाते तिथे करतात.

जाव्हाच्या यंत्रणेवर चालणाऱ्या ग्रूव्ही भाषेचे उदाहरण आणखी बोलके आहे. तिथे प्रत्येक क्लाससोबत एक मेटाक्लास असतो, बदल त्याच्यावर होतात, आणि क्लासच्या मेटाक्लासला ‘नल’ दिले की एका ओळीत सगळे बदल जातात. रुबीकडे नसलेली ही सोय पाहून हेवा वाटावा. पण ग्रूव्हीत लिहिलेल्या क्लासचा ऑब्जेक्ट जन्मतानाच मेटाक्लासचा दुवा स्वतःजवळ ठेवतो. बदल लागू असताना जन्मलेले ऑब्जेक्ट नंतरही बदललेलेच वागतात. स्पॉक या टेस्ट-चौकटीत टेस्टपुरता बदल कोंडून ठेवण्याची खास खूण आहे. ती वापरावी आणि टेस्टमधले ऑब्जेक्ट टेस्टबाहेर जाऊ देऊ नयेत.

रेल्समध्ये कोड लिहिताना क्लास पुन्हा पुन्हा लोड होतात, तिथेही हेच घडते. रेल्स जुन्या क्लासचे नाव काढून टाकते आणि फाइल पुन्हा वाचून त्याच नावाचा नवा क्लास तयार करते. जुना ऑब्जेक्ट कुठे साठवून ठेवला असेल, तर तो जुन्या क्लासचाच राहतो. दोन्ही क्लासचे नाव एकच, तरी ‘हा याच क्लासचा आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर मिळते. असल्या बगपुढे अनुभवी माणूसही बराच वेळ बुचकळ्यात पडतो.

आणि भाषा चालवणारे इंजिनही बदल पाहतेच. बेरीज ही इतकी नेहमीची क्रिया आहे, की रुबीचे इंजिन पूर्णांकांच्या बेरजेसाठी मेथड शोधतच नाही, थेट वेगवान रस्त्याने जाते. कुणी इंटिजरची बेरीज बदलली, तर इंजिन एक खूण लावते आणि त्यानंतर प्रत्येक बेरीज रीतसर मेथड शोधून करते. मूळ बेरीज परत बसवली तरी ती खूण पुसली जात नाही. प्रोग्राम बंद होईपर्यंत तो वेगवान रस्ता बंदच राहतो. क्रोममधल्या व्ही-८ इंजिनातही अशी राखण करणारी चिन्हे आहेत. ॲरेच्या मुळाशी छेडछाड झाली की ती मोडतात आणि पुन्हा जुळत नाहीत. अचूकता परत येते, वेग येत नाही.

बदल एका प्रोग्रामपुरता असतो, तेव्हा निदान शेवटी प्रोग्राम बंद करण्याचा उपाय हाताशी असतो. वेबवर तोही नाही. मूटूल्स ही जावास्क्रिप्टची लायब्ररी एके काळी फार वापरली जायची. तिने ॲरेच्या प्रोटोटाइपवर ‘फ्लॅटन’ नावाची मेथड बसवली होती. पुढे जावास्क्रिप्टचे प्रमाण ठरवणाऱ्या समितीने तेच नाव भाषेतल्या नव्या मेथडसाठी निवडले. मार्च २०१८मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती आली आणि मूटूल्सवर चालणारी जुनी पाने मोडू लागली. कारण बारीक होते. मूटूल्स ॲरेच्या प्रोटोटाइपवरच्या मोजता येणाऱ्या सगळ्या मेथड एका फेरीत आपल्या दुसऱ्या क्लासवर उतरवून घेत असे. भाषेने स्वतः दिलेली मेथड मोजणीत न येणारी असते, आणि मूटूल्सने तिच्यावर आपली लिहिली तरी तो गुण तसाच राहतो. त्यामुळे फेरीत ‘फ्लॅटन’ गळू लागली आणि पुढे तिला हाक मारणारा कोड कोसळू लागला.

त्या जुन्या संकेतस्थळांतला बदल कोण मागे घेणार? कित्येकांकडे पाहायलाही कुणी उरले नव्हते. शेवटी माघार भाषेनेच घेतली. मेथडचे नाव ‘फ्लॅट’ ठरले आणि २०१९च्या प्रमाणात ते कायम झाले. त्याआधी ‘कन्टेन्स’ या नावाचेही मूटूल्समुळेच ‘इन्क्लूड्स’ झाले होते. एका लायब्ररीतला निर्णय साऱ्या जगाच्या भाषेवर असा उमटून राहतो.

रेल्सने मात्र आपला एक बदल खरोखर मागे घेतला, आणि त्याला लागलेला काळ लक्षात ठेवावा असा आहे. यादीतल्या गोष्टींची बेरीज करणारी ‘सम’ मेथड ॲक्टिव्ह सपोर्टने आधीच दिलेली होती. डिसेंबर २०१६मध्ये रुबी २.४ने स्वतःची ‘सम’ आणली. दोघींचे वागणे थोडे निराळे. शब्दांची यादी दिली तर रेल्सची ‘सम’ शब्द जोडून देई, रुबीची एरर देते. रेल्सवर अवलंबून असलेला कोड मोडू नये म्हणून तो बदल पुढे वर्षानुवर्षे सांभाळला गेला. डिसेंबर २०२१च्या ७.० आवृत्तीत तो जुनाट असल्याचा इशारा देण्यात आला आणि ऑक्टोबर २०२३च्या ७.१मध्ये तो निघाला. एका मेथडसाठी जवळपास सात वर्षे.

या सगळ्यातून एकच मोठा फरक पुढे येतो. बदल आधी सर्वत्र लागू करायचा आणि मग तो पुसत फिरायचे, हा एक मार्ग. बदलाची हद्दच आधी आखायची, म्हणजे हद्द संपली की तो आपोआप संपतो, हा दुसरा. दुसरा मार्ग निःसंशय चांगला आहे. लॅरी वॉल यांच्या पर्ल भाषेतला ‘लोकल’ हा शब्द तेच करतो. त्याने एखादे फंक्शन बदलले, तर तो ब्लॉक संपताच मूळ फंक्शन जागेवर येते, मग ब्लॉक सरळ संपो की मध्येच एररने तुटो. पायथनमधले ‘विथ’ आणि रुबीतले ‘एन्शुअर’ यांच्यावर टेस्टची साधने उभी आहेत तीही याच भरवशावर. रुबीच्या मिनिटेस्टमध्ये ‘स्टब’ला ब्लॉक द्यावा लागतो. ब्लॉक चालण्याआधी मूळ मेथडला टोपणनाव दिले जाते आणि ‘एन्शुअर’मध्ये सगळे पूर्ववत केले जाते. तरी ही हद्द वेळेची आहे, जागेची नाही. ब्लॉक चालू असताना त्याच प्रोग्राममधल्या दुसऱ्या थ्रेडलाही बदललेलीच मेथड दिसते. म्हणून अशा टेस्ट एकाच वेळी चालवायच्या असतील, तर वेगळ्या थ्रेडऐवजी वेगळी प्रोसेस वापरावी.

जागेची हद्द रुबीने ‘रिफाइनमेंट’मधून दिली. शुगो माएदा यांनी २०१०मध्ये ही कल्पना मांडली. २.० आवृत्तीत ती प्रयोग म्हणून आली आणि २०१३च्या डिसेंबरात २.१मध्ये पक्की झाली. बदल एका मॉड्यूलमध्ये लिहायचा आणि ज्या फाइलीत हवा तिथे ‘यूझिंग’ म्हणायचे. त्या ओळीपासून फाइलीच्या शेवटापर्यंत तो लागू, बाहेर कुठेही नाही. देवनागरी अंक असे लिहिले, तर पानाचा मजकूर तयार करणाऱ्या फाइलीत पाचाचा ‘५’ होतो आणि डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीला त्याची चाहूलही लागत नाही. रुबी २.५पासून अवतरणातल्या मजकुरात गुंफलेल्या आकड्यांनाही तो लागू होतो. मर्यादा आहेत. त्याच फाइलीत ‘पुट्स’ने नुसता आकडा छापला, तर तो देवनागरीत येत नाही. छापण्यासाठी मेथडला हाक इंजिनाच्या आतून जाते, फाइलीतून नाही. अशा कोपऱ्यांमुळे रिफाइनमेंट अनेकांना अवघड वाटते आणि तिचा वापर व्हावा तितका होत नाही. हे खेदाचे आहे. मागे घेण्याची गरजच न ठेवणारी इतकी नीट सोय फार थोड्या भाषांत आहे.

पायथनने मुळातच वेगळी वाट धरली. तिथे भाषेसोबत आलेल्या स्ट्रिंग किंवा पूर्णांकाच्या क्लासवर काही जोडायला गेले, तर एरर येतो. फॉरबिडन फ्रूट नावाची लायब्ररी हे बंधनही मोडते, पण तिच्या कर्त्याने ‘कर्स’ या फंक्शनसोबत तो शाप काढणारे ‘रिव्हर्स’ही दिले आहे.

इतिहास जपणारी भाषाही होऊन गेली आणि ती या सर्वांच्या आधीची. झेरॉक्सच्या पॅलो आल्टोतल्या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात स्मॉलटॉक घडली. रुबीने आपला मोकळेपणा बराचसा तिच्याकडूनच घेतला. स्मॉलटॉकमध्ये प्रोग्राम आणि तो लिहिण्याची जागा एकच असते, आणि मेथडचा प्रत्येक नवा मजकूर बदलांच्या फाइलीत नोंदला जातो. स्क्वीकसारख्या तिच्या आजच्या रूपांत मेथडच्या जुन्या आवृत्त्यांची यादी उघडून हवी ती परत आणता येते, तेही प्रोग्राम न थांबवता. मोकळेपणासोबत ही नोंदवहीही पुढच्या भाषांनी उचलायला हवी होती.

आता रुबी त्या दिशेने निराळ्या वाटेने चालली आहे. डिसेंबर २०२५मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत ‘रुबी बॉक्स’ ही प्रायोगिक सोय आहे. ‘रुबी बॉक्स’ नावाचे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल एकवर ठेवून प्रोग्राम सुरू केला, तर एकाच प्रोसेसमध्ये वेगळे डबे करता येतात. एका डब्यात इंटिजरवर केलेला बदल दुसऱ्या डब्यात दिसत नाही. क्लास बदलणाऱ्या टेस्ट इतर टेस्टपासून वेगळ्या ठेवणे हा तिचा एक जाहीर उद्देश आहे.

ही सोय पक्की होईपर्यंत रुबीत काम करणाऱ्यांनी एक तपासणी आजच करून पाहावी. आपल्या टेस्ट नेहमीच्या क्रमाने न चालवता उलटसुलट क्रमाने चालवाव्यात. मिनिटेस्ट आपणहून तसे करते, आरस्पेक या दुसऱ्या टेस्ट-चौकटीला तसे सांगावे लागते. कुठल्याशा क्रमात एखादी टेस्ट पडली आणि एकटी चालवल्यावर पास झाली, तर आधीच्या टेस्टने काहीतरी मागे सोडले असण्याची दाट शक्यता आहे. तो क्रम ज्या बीजावरून ठरला, तो आकडा चालवताना छापला जातो. तो जपून ठेवावा आणि आरस्पेकला ‘बायसेक्ट’ सांगावे. यादी कमी करत करत ती दोषाला पुरेशा अशा मोजक्या टेस्टपर्यंत आणून सोडते.